फुटाण्यांची रांग

आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका गेल्या महिन्यात घरपोच आली. तिच्यात माझा एक जुना फोटो आहे. मी पेटीवर बसलोय, मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले. खाली छापलंय, 'शाळेच्या संगीत परंपरेचे जनक'. नातसुनेने ते पान मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "पुढचं पान उलट." तिला वाटलं, म्हातारा लाजला.

जनक मी नव्हे. शाळेत संगीत आणलं ते मठपती सरांनी. ते घालवलं मात्र मी. आता नव्वदीला टेकलोय. हे लिहून ठेवायला आणखी थांबलो तर थांबायलाही कुणी उरणार नाही.

मी गणिताचा शिक्षक. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची शाळा, मुलं बहुतेक गिरणीकामगारांची आणि विणकरांची. घरात कुणी कन्नड बोले, कुणी तेलुगू, कुणी दखनी, आणि शाळेत सगळे मिळून सोलापुरी मराठी. मला पेटी येत असे, गळाही बरा होता, म्हणून प्रार्थना, स्वागतगीत, गॅदरिंग हे सगळं माझ्याकडे आपोआप आलं होतं. पाहुणे म्हणत, "गणिताचे सर असून काय गोड गातात!" त्या 'असून'वर मी कितीतरी वर्षं खूश होतो.

प्रार्थनेसाठी मुलं निवडायची माझी पद्धत सोपी होती. ज्याचा आवाज चांगला त्याने गायचं. बाकीच्यांना मी सांगत असे, "तू नुसते ओठ हलव." आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात. आदल्या वर्षी कोकिळेसारखा गाणारा मुलगा एका सुट्टीनंतर बेडकासारखा बोलू लागतो. अशांनाही माझं तेच सांगणं. माझा मुलगा सुधीर आठवीपर्यंत माझा सगळ्यात आवडता गायक होता. नववीच्या जूनमध्ये त्याचा आवाज गेला आणि मी त्यालाही म्हटलं, "ओठ हलव. बघू पुढे." त्याने मान डोलावली. त्यानंतर तो घरातही गायला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच वर्षी शाळेला संगीत शिक्षकाची जागा मंजूर झाली आणि मठपती आले.

ते अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीचे. बुटके, सावळे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, सदऱ्याच्या खिशात कायम भाजलेल्या शेंगा. बोलताना शेंग फोडायची, टरफल दुसऱ्या खिशात टाकायचं. मराठी कानडी वळणाचं, लिंगांची पार दाणादाण. "ते पेटी" आणि "तो खुर्ची" ऐकून शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकमेकांकडे बघून हसत असू. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी त्यांना काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलं. ते गायले आणि मला मनातून गुदगुल्या झाल्या. गळा जाड, घोगरा, वर जाताना घासणारा. मी शेजारच्या इतिहासाच्या सरांना हळूच म्हणालो, "हे शिकवणार संगीत?"

तोंडावर मी त्यांना अहोजाहो करत असे. मनातल्या मनात कित्येक महिने 'तो'च म्हणत होतो.

त्यांचा पहिला तास माझ्या वर्गाला लागून होता. मी फळ्यावर समीकरण लिहीत होतो आणि शेजारून काहीच ऐकू येत नव्हतं. गाणं नाही, गडबडही नाही. वर्गभर पोरं आणि चिडीचूप. मला वाटलं, तास सोडून दिला की काय. दारातून डोकावलो तर सगळी पोरं डोळे मिटून बसलेली आणि मठपती खिडकीपाशी उभे, बोट ओठांवर. मग गिरणीचा भोंगा झाला. तो आधी चढत जातो, मध्ये थोडा वेळ एका ठिकाणी थांबतो आणि मग उतरतो. जिथे तो थांबला तिथे मठपतींनी हात वर केला, आणि भोंगा संपल्यावर सगळ्या वर्गाने तो सूर नाकातून धरला. एकही मूल चुकलं नाही.

"आईच्या पोटात असल्यापास्नं ऐकलाव की रे!" मठपती म्हणाले. "तुमाला सूर येत न्हाई म्हणून कोण म्हणालं?"

ते कोण, हे पोरांना ठाऊक होतं. एकदोघांनी दाराकडे पाहिलं. मी खडू घेऊन परत फळ्याकडे गेलो.

"आधी ऐक, मग बोंबल," हे त्यांचं आवडतं वाक्य. बेसूर मुलावर ते कधी ओरडले नाहीत. चुकीचा सूर आला की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा, लिंबाची फोड चावल्यासारखा. मग ते त्या मुलाची जागा बदलायचे. दोन पक्क्या मुलांच्या मध्ये त्याला उभं करायचे आणि म्हणायचे, "शेजार चांगलं पायजे. बाकी काय न्हाई." आठवड्याभरात ते मूल सुरात यायचं. शिक्षकांच्या खोलीतही त्यांचे कान स्वस्थ नसत. हेडमास्तर कुणावर खेकसले की हे शेंग फोडत पुटपुटत, "आज पंचमात हायेत. काल बरं होतं, गांधारात होते." सगळे हसत. पूर्वी त्या खोलीत माझ्या कोट्यांवर हसत असत.

आवाज फुटलेल्या मुलांना त्यांनी गाण्यातून काढलं नाही. त्यांची वेगळी रांग केली, सगळ्यात मागे, आणि तिचं नाव ठेवलं फुटाणे. "फुटाणा फुटला तरच खायला येतं की. न फुटलेलं दात पाडतंय." ही रांग खालच्या अंगाने गायची, बारीक आवाजाची पोरं वरून गायची, आणि दोन्ही मिळून जे काही ऐकू यायचं ते त्या शाळेच्या पत्र्याखाली मी पूर्वी ऐकलं नव्हतं. फुटाण्यांचा आवाज कुठपर्यंत चढतो हे ते दर सोमवारी एकेकाला जवळ घेऊन तपासत आणि चाल त्याप्रमाणे बदलत. अख्खं गाणं त्या पोरांच्या गळ्याच्या मापाने बेतलेलं.

त्या रांगेत सुधीर होता. हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी मठपती घरी आले. मी बोलावलं नव्हतं, सुधीरने बोलावलं होतं. माझ्या पत्नीने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. ते तिच्याशी कानडीत बोलू लागले. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला कानडीत एवढं खळखळून बोलताना मी पाहिलं नव्हतं. जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "सुद्या, म्हण रे, आईला ऐकव."

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि गायला. आवाज जाडसर, कोवळा, कुठेकुठे खरबरीत, पण सुरात. पत्नी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं बाई, हा कुठं लपवलावतास रे?"

मी म्हटलं, "अंतऱ्यात घसरला जरा."

"घसरला की," मठपती म्हणाले. "घसरू दे. माझं आवाज फुटलं तवा मी चौदाचा होतो. गुरुजी म्हणाले, उद्यापासून येऊ नको. मी गेलो न्हाई. फुटलेलं परत जुळतंय म्हणून कुणी सांगितलंच न्हाई मला. आता बघा, हे असं ऱ्हायलं." त्यांनी स्वतःच्या गळ्यावर टिचकी मारली आणि हसले.

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "किती देवमाणूस!" मी पेटीचं झाकण लावलं. माझा मुलगा माझ्यासमोर दुसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून गायला होता. तो माणूस माझ्याहून वाईट गात होता. हा हेवा कुणाच्या गळ्याचा असता तर मला तो झेपला असता. पण त्यांच्याकडे गळा नव्हताच. जे होतं ते रियाजाने मिळवता येण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत आंतरशालेय समूहगीतांची स्पर्धा होती. मठपतींची नेमणूक वर्षापुरती होती आणि ती कायम करायची की नाही हे संस्था उन्हाळ्यात ठरवणार होती. हेडमास्तर स्पष्टच बोलले होते, "नंबर आला तर मला मागणी करायला तोंड राहील, मठपती." मठपतींनी आमच्या सीना नदीवर स्वतःच एक गाणं रचलं होतं. त्याचा दुसरा अंतरा फक्त फुटाण्यांचा. ती चाल चढत चढत धैवतापर्यंत जायची आणि तिथून उतरायची. त्या पोरांच्या गळ्याची तीच शेवटची पायरी. त्याच्यावर केसभरही जागा नव्हती.

नियमाप्रमाणे साथीला पेटी हवी होती. मठपती माझ्याकडे आले. "तुमीच बसा. तुमचं बोट स्वच्छ हाय." तालमी शाळेच्या पेटीवर झाल्या. पट्टी ठरली काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा. महिनाभर मी इमानाने वाजवली. सुधीर मागच्या रांगेत मधोमध उभा असे आणि त्याचे डोळे कधी पेटीकडे नसत, सरांच्या हाताकडे असत.

स्पर्धेच्या दिवशी संयोजकांनी कळवलं की पेटी सभागृहाचीच वापरायची. मठपती म्हणाले, "तुमी जरा आधी जाऊन बघून ठेवा." मी सकाळीच गेलो. ती पेटी कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक कंपनीची होती. मी काळी एक धरली आणि नेहमीची प्रार्थना गुणगुणलो. माझा गळा नेहमीच्या जागी बसेना, वर ओढला जात होता. पेटी एका पट्टीने चढी लावलेली होती. पूर्वीच्या कंपन्यांच्या पेट्या अशा असत. उपाय अगदी साधा होता. काळी एक सोडून शेजारची पांढरी एक घ्यायची, म्हणजे सूर आमच्या शाळेच्या पट्टीवर बरोबर येतो. एक बोट डावीकडे, एवढंच.

मुलं पायी येत होती, त्यांना उशीर झाला. ती दारात पोचली तोवर आमच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं होतं. मठपती घामाघूम होऊन विंगेत आले.

"पेटी बघितलाव न्हवं?"

"बघितली."

"ठीक हाय की?"

"ठीक आहे."

हेच ते दोन शब्द. पेटीवर बसेपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की शेवटी पांढरी एकच धरीन. तेवढ्यात सुधीर रांगेत उभा राहिला, आणि उभा राहताना त्याने मठपतींच्या बाहीला नुसतं बोट लावलं, लहान मूल आपला माणूस जवळ आहे ना हे बघतं तसं. मी काळी एक दाबली. ठरलेली पट्टी. कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

पहिल्या सुराबरोबर मठपतींचा डावा डोळा मिटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भात्याकडे पाहत होतो. समोर परीक्षक बसलेले, गाणं सुरू झालेलं, आता थांबवता येत नव्हतं. बारीक आवाजाच्या पोरांनी ध्रुवपद आणि पहिला अंतरा निभावून नेला. दुसऱ्या अंतऱ्याला मठपतींनी फुटाण्यांना दोन्ही तळहातांनी खाली, खाली अशी खूण केली. पण महिनाभर जे अंगात मुरवलं होतं ते असं ऐनवेळी कसं बदलणार? पोरं चढत गेली. धैवतावर आधी एक आवाज फाटला, मग दुसरा, आणि मग सगळ्यांच्या वरून सुधीरचा. कोंबड्यासारखा. सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सुधीरने तोंड मिटलं नाही. उघड्या तोंडाने, आवाजाशिवाय, तो शेवटपर्यंत उभा राहिला.

बाहेर आल्यावर नरसय्या नावाचा विणकराचा मुलगा म्हणाला, "सर, पेटी चढी होती की ओ." मी त्याच्यावर खेकसलो, "स्वतःचा गळा सांभाळ आधी! तुला काय कळतंय पेटीतलं?" त्याला सगळं कळत होतं.

हेडमास्तरांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी मठपती म्हणाले, "पट्टी मी सांगितलो होतो, सर. काळी एक. चूक माझं हाय." त्यात खोटं काही नव्हतं. मी शेजारी उभा होतो. हेडमास्तरांनी मला विचारलं, "तुम्ही जाणकार आहात. फुटक्या आवाजाच्या मुलांना असं स्टेजवर उभं करणं बरोबर आहे का?" मी म्हणालो, "माझ्या वेळी मी तरी तसं करत नसे." यातही खोटं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये त्यांना नारळ मिळाला. निघताना ते माझ्या वर्गाच्या दारात आले, शेंगा खिशात तशाच. मी म्हटलं, "वाईट झालं." ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं? काळी एक म्हणालो, काळी एक दिलाव." त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटांवरून अंगठा फिरवला आणि सोडून दिला. ती क्षमा होती की आरोप, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही.

सुधीर पुन्हा गायला नाही. त्याच्या आईने कितीदा विचारलं. तो म्हणायचा, "माझ्यामुळे सरांची नोकरी गेली, आई. माझाच आवाज सगळ्यांच्या वरून ऐकू गेला." तेव्हा मी पेपर तपासत असे, किंवा पेपर तपासतोय असं दाखवत असे. तो बँकेत लागला, नाशिकला स्थायिक झाला, आता निवृत्तही झालाय. आपल्या मुलांना झोपवताना त्याने कधी अंगाई म्हटली नाही, नुसतं थोपटायचा. सुधीर, तू हे वाचशील. तुझ्यामुळे काही गेलं नाही. तुझा गळा सरांनी मोजला होता तेवढाच होता आणि तू तिथपर्यंत बरोबर गेला होतास. वर जे उरलं होतं ते मी लावलेलं होतं.

मठपती मला आणखी एकदाच दिसले. ते शाळा सोडून गेल्याला तेव्हा चारपाच वर्षं झाली असतील. बोर्डाच्या कामासाठी मी पॅसेंजरने पुण्याला निघालो होतो. केम स्टेशनात क्रॉसिंगसाठी गाडी थांबली. दुपारची वेळ. फलाटावर खेड्यातली काही पोरं कोंडाळं करून बसली होती आणि त्यांच्यामध्ये ते उभे होते, केस पिकलेले, विभूतीचे पट्टे तसेच. मी मान आत घेणार इतक्यात त्यांनी मला ओळखलं.

"अहो सर!" ते खिडकीशी धावत आले. "कुटं निघालाव? बरं हाय न्हवं? वहिनी बऱ्या हायेत?"

मी म्हटलं, सगळं बरं आहे. तुम्ही इथे कसे?

"हितं जवळच एका हायस्कूलात हाय. चित्रकला बी शिकवतो, शेती बी शिकवतो. गाणं शनिवारी." ते हसले. मग एकदम थांबले आणि खिडकीची सळई धरून आवाज खाली आणून विचारलं, "सुद्या? गातो न्हवं?"

मी सांगायला हवं होतं. पेटीचं, त्या सकाळचं, सगळं. गाडी हलायला अजून वेळ होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून माझ्या तोंडून निघालं, "गातो की. छान गातो. आवाज चांगला जुळलाय."

त्यांनी डोळे मिटले, दोन्ही. सळईवरची पकड सैल झाली. "बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं, सर. मला तेवढं एकच लागून ऱ्हायलं होतं. वाटायचं, ते पोरगं माझ्यासारखं झालं की काय. माझ्यामुळं."

मला त्या क्षणी शरम वाटायला हवी होती. ती नंतर आली, आणि अजून गेलेली नाही. पण सगळ्यात आधी जे वाटलं ते खरं सांगतो. मला हेवा वाटला. या माणसाच्या मनाला एकच गोष्ट लागली होती, आणि तीसुद्धा त्याची नव्हती, आणि आता तीही उतरली होती.

समोरून गाडी धडधडत गेली, आमची शिटी झाली. ते मागे सरले. कुणीतरी पाटीतून पेरू विकत होतं. मठपतींनी ओंजळभर पेरू घेतले आणि पोरांना वाटायला लागले, एकेकाला नावाने हाक मारत, कुणाला तरी टपली मारत. गाडी पुढे सरकली तसा मी खिडकीतून वाकलो. त्यांनी एक पेरू स्वतःला ठेवला, सदऱ्याला पुसला आणि भर उन्हात उभं राहून, सुट्टी लागलेल्या पोरासारखा, कचकन चावला.